आमच्या शिक्षणाचे तास आम्हाला लिहून द्या

नाशिक जिल्ह्यातल्या सर्व नर्सिंग महाविद्यालयांचे आणि नर्सिंग स्कूलचे प्राचार्य, विश्वस्त व कार्यालयीन कर्मचारी यांना खुले पत्र

आदरणीय प्राचार्य मॅडम आणि सर, विश्वस्त मंडळी, आणि ऑफिसातले भाऊसाहेब व ताई,

सविनय नमस्कार.

मी याच जिल्ह्यात बी.एस्सी. नर्सिंग केलं आणि नाशिकमधल्या एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत गेली काही वर्षं ड्युटी करते आहे. अमेरिकेत नर्स म्हणून काम करण्यासाठी एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा पास व्हावी लागते. ती मी मुंबईच्या केंद्रावर दिली आणि पास झाले. तेव्हा या पत्रात माझ्यासाठी मागण्यासारखं काही उरलेलं नाही. मागते आहे ते माझ्यामागून येणाऱ्यांसाठी. सुरगाणा, पेठ, कळवण, निफाड, येवला इथली मुलं-मुली ड्युटी संपल्यावर मला फोन करतात. मला वाटायचं, हे अभ्यासाचं विचारतील, कुठली पुस्तकं घ्यावीत, प्रश्न कसे सोडवावेत. बहुतेकांचा प्रश्न तो नसतोच. ते विचारतात, "ताई, कॉलेजमधून तो तासांचा कागद कसा मिळवायचा?"

हे पत्र त्या कागदाबद्दल आहे. तो तुमच्याशिवाय जगात दुसरं कुणी देऊ शकत नाही.

आधी हा कागद नेमका काय असतो ते सांगते, कारण ऑफिसातल्या पुष्कळ जणांना ते कुणी नीट सांगितलेलंच नाही, असा माझा अनुभव आहे. मुलगी खिडकीशी येऊन "ट्रान्सक्रिप्ट पाहिजे" म्हणते. समोरून उत्तर येतं, "मार्कशीट दिल्यात ना चारही वर्षांच्या?" दोघांचंही आपापल्या जागी बरोबर असतं. पण मार्कशीटवर मार्क असतात आणि परदेशात नर्सला परवाना देणाऱ्या परिषदेला मार्कांशी फारसं घेणंदेणं नसतं. तिला हवे असतात तास. वैद्यकीय नर्सिंग, शस्त्रक्रिया नर्सिंग, माता व नवजात शिशू, बालरुग्ण आणि मानसिक आरोग्य या प्रत्येक विषयात या मुलीनं वर्गात किती तास शिकलं आणि वॉर्डात प्रत्यक्ष रुग्णाजवळ किती तास काम केलं, ते वेगवेगळं लिहून हवं असतं. यातल्या एका विषयाचे जरी क्लिनिकल तास कोरे राहिले, तरी फाईल तिथेच थांबते. मुलगी कितीही हुशार असो, तिला परीक्षेला बसताच येत नाही.

अमेरिकेत परवाना देण्याचं काम प्रत्येक राज्याचं नर्सिंग बोर्ड करतं. परदेशात शिकलेल्या नर्सची कागदपत्रं तपासायचं काम बरीच बोर्डं एका स्वतंत्र संस्थेवर सोपवतात. १९७७ साली स्थापन झालेली सीजीएफएनएस ही त्यातली सगळ्यांत जुनी आणि माहितीतली. आता तिचं नाव ट्रूमेरिट झालं आहे. ही संस्था उमेदवाराच्या हातून आलेलं ट्रान्सक्रिप्ट स्वीकारत नाही. कॉलेजनं फॉर्म भरायचा, तासांचा तक्ता जोडायचा, सही-शिक्का करून थेट तिकडे पाठवायचा. नोंदणीची पडताळणीही तशीच, राज्याच्या नर्सिंग परिषदेकडून परस्पर जाते. म्हणजे मुलीनं आपले सगळे कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जिवापाड जपून ठेवले असले, तरी त्यांचा इथे उपयोग नाही. तुमच्या हातून गेलेला कागद हाच पुरावा.

एवढा अविश्वास का, असं एका प्राचार्य मॅडमनी मला विचारलं होतं. त्यांना थोडा अपमानही वाटला होता आणि त्यांचा राग मला समजतो. पण जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत काय उघडकीला आलं ते पाहा. फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग स्कूलमधून साडेसात हजारांहून जास्त खोट्या पदव्या आणि ट्रान्सक्रिप्ट विकली गेली होती. ती विकत घेऊन काही लोक एनक्लेक्सला बसले, पास झाले आणि रुग्णांजवळ कामालाही लागले. खुद्द त्यांच्या देशात हे घडलं. अशा वेळी नाशिकहून आलेला कागद ते तीनदा तपासणारच, आणि तपासावाच. आयसीयूत काम करणारी बाई म्हणून मला तो कडकपणा पटतो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाशेजारी उभ्या राहिलेल्या नर्सनं तेवढे तास खरोखर घातलेले असले पाहिजेत.

कडकपणा तिकडचा आहे आणि तो तसाच राहणार. आपल्या हातात आहे ती आपली बाजू, आणि ती ढिली आहे. ढिली कुठे ते सांगते.

पहिली अडचण अभ्यासक्रमाची. भारतीय परिचर्या परिषदेनं बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम बदलून २०२१-२२ पासून सेमिस्टर आणि क्रेडिट पद्धत आणली. त्याआधीच्या बॅच वार्षिक पद्धतीनं शिकल्या. जीएनएम या नर्सिंग पदविकेचा कालावधीही मध्ये साडेतीन वर्षांवरून तीन वर्षांवर आला. आता ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये तासांच्या तक्त्याची एकच फाईल असते. ती कुठल्या साली बनवली, कुठल्या अभ्यासक्रमावरून बनवली, हे कुणालाच आठवत नाही. मुलीचं नाव बदलायचं, प्रिंट काढायची, शिक्का मारायचा, झालं. मग जुन्या बॅचच्या मुलीच्या कागदावर नव्या विषयांची नावं येतात, आणि तिच्या मार्कशीटवर तर ते विषयच नाहीत. तिकडचा तपासनीस दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचतो. त्याला हा घोळ आपल्या ऑफिसातला वाटत नाही. त्याला फसवणूक वाटते.

नव्या पद्धतीच्या मुलींची अडचण वेगळी आहे. क्लिनिकलचं एक क्रेडिट म्हणजे ८० तास, स्किल लॅबचं ४०, थिअरीचं २०. हे आपल्याला माहीत आहे. कागदावर नुसता क्रेडिटचा आकडा गेला, तर वाचणारा तो आपल्या देशाच्या हिशेबानं मोजणार. वॉर्डात घातलेले १६० तास दोन क्रेडिट म्हणून लिहिले गेले, तर त्या मुलीच्या सकाळच्या आणि रात्रीच्या ड्युट्या कुणाला दिसणार? म्हणून क्रेडिटशेजारी तास लिहावेच लागतात, आणि क्रेडिटचे तास कसे मोजले ती एक ओळ खाली द्यावी लागते. एका ओळीचं काम आहे.

कॅलिफोर्नियाचं उदाहरण मुद्दाम देते. तिथल्या नियमानुसार बाल, माता, मानसिक आरोग्य, वैद्यकीय-शस्त्रक्रिया आणि वृद्ध या क्षेत्रांतलं वर्गातलं शिक्षण आणि वॉर्डातलं शिक्षण एकाच काळात झालेलं असावं लागतं. आपल्याकडे तसं होतंही बऱ्याचदा. सकाळी वॉर्ड, दुपारी वर्ग. पण कागदावर पोस्टिंगच्या, म्हणजे कुठल्या वॉर्डात कधी काम केलं त्याच्या, तारखा नसतात, नुसते वर्षाचे एकूण तास असतात. म्हणजे जे प्रत्यक्षात बरोबर झालं, ते सिद्ध करता येत नाही म्हणून बाद होतं. याच्याइतकी चुटपुट लावणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

अमेरिकेला सगळ्यांनाच जायचं नसतं, हे मलाही ठाऊक आहे. पण तासांचा हा प्रश्न सगळीकडे येतो. जर्मनीत आपल्या प्रत्येक विषयाचे तास तिथल्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतात. जिथे कमी भरतील तिथे पूरक प्रशिक्षण घ्या किंवा ज्ञानपरीक्षा द्या, असं लेखी कळवतात. २०२४ साली महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबद्दल करार केला, तेव्हापासून आपल्या भागातही जर्मन शिकणाऱ्या मुली दिसू लागल्या आहेत. त्या बी-टू या पातळीपर्यंत भाषा शिकतील, पण तासांच्या कागदासाठी त्यांना याच खिडकीशी यावं लागेल. आखाती देशांसाठी डेटाफ्लो या कंपनीची कागदपत्र-पडताळणी असते. ते लोक कॉलेजला ईमेल करून विचारतात, ही तुमची विद्यार्थिनी होती का, हे प्रमाणपत्र तुम्हीच दिलं का? कॉलेजनं उत्तर दिलंच नाही, तर अहवालावर पडताळणी होऊ शकली नाही असा शेरा येतो. माझ्याबरोबर काम केलेल्या एका सिस्टरच्या अहवालावर असा शेरा आला. तिची पदवी खरी होती, अनुभव खरा होता, नोकरीचं पत्रही आलं होतं. कॉलेजचा तो ईमेल आयडी एका जुन्या क्लार्कच्या नावानं काढलेला होता, ते नोकरी सोडून गेले आणि पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला. ईमेल येऊन पडली होती, उघडणारं कुणी नव्हतं.

उशिराचं मोल काय पडतं, तेही मांडते. आयईएलटीएस किंवा ओईटी या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो. ती परीक्षा द्यायला आमच्या मुली पगारातून पैसे साठवतात आणि ड्युटी करून क्लास करतात. निकाल हातात आला की घड्याळ सुरू होतं. तासांचा कागद सहा-आठ महिने अडला, तिकडून त्रुटी निघून परत आला, पुन्हा अडला, की दोन वर्षं बघता बघता संपतात आणि इंग्रजीची परीक्षा पुन्हा द्यावी लागते. एनक्लेक्सची नोंदणी २०० डॉलर, भारतात बसायचं म्हणून वर १५० डॉलर. बोर्डानं पात्र ठरवल्यावर परीक्षेला बसायची परवानगी, म्हणजे एटीटी, येते. ती बहुधा ९० दिवसांच्या आसपास चालते आणि वाढवून मिळत नाही. जिचा बाप निफाडला दोन एकरांत कांदा लावतो, तिच्यासाठी हा आकडा किती मोठा आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या कॉलेजची फी त्याच कांद्यातून आली होती.

आणि कागद वेळेत मिळत नाही म्हणूनच एजंट येतो. तो म्हणतो, "ट्रान्सक्रिप्टचं माझ्यावर सोडा." तो कागद कुठून आणतो, त्यावर काय लिहितो, शिक्का खरा की खोटा, हे मुलीला ठाऊक नसतं. खोटा निघाला तर एजंट फोन बंद करतो, आणि मुलीच्या नावापुढे तिकडे कायमची खूण होते. सरळ मार्गानं कागद मिळत असता तर एजंटच्या दारात कुणी गेलं असतं का? परदेशी जाणाऱ्या नर्सची लूट थांबावी म्हणून केंद्र सरकारनं २०१५ साली १८ देशांसाठी भरतीचे नियम कडक केले, नेमलेल्या सरकारी संस्थांमार्फतच जायचं असं ठरवलं. केरळची नोर्का ही त्यातली एक. ते चांगलंच झालं. पण एजंटचं निम्मं दुकान कॉलेजच्या खिडकीवर चालतं आणि ते बंद करणं तुमच्या हातात आहे.

नावाचा प्रश्न छोटा वाटतो, पण त्यात फार मुली अडकतात. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्या. नोंदणी प्रमाणपत्र लग्नाआधीचं, पासपोर्ट लग्नानंतरचा. परदेशातल्या माणसाला हे तीन कागद तीन बायकांचे वाटतात. परीक्षेच्या दिवशी पासपोर्टवरचं नाव आणि एटीटीवरचं नाव तंतोतंत जुळलं नाही, तर केंद्रावरून परत पाठवतात आणि भरलेले पैसे जातात. राजपत्रात नाव बदलून घेणं, प्रतिज्ञापत्र करणं, हे मुलीचं काम, ते ती करील. पण तुमच्या लेटरहेडवर "या तीनही नावांची व्यक्ती एकच असून ती आमची विद्यार्थिनी होती" एवढं पत्र ट्रान्सक्रिप्टबरोबर गेलं, तर पुढचा पत्रव्यवहार वाचतो. शेवटच्या वर्षाच्या मुलींना कॉलेज सोडतानाच हे सांगून ठेवलं तर आणखी बरं.

बंद पडलेल्या स्कूलबद्दलही लिहिलं पाहिजे. नर्सिंग स्कूल निघतात आणि काही बंदही होतात. बंद झालेल्या स्कूलच्या रजिस्टरांचं काय होतं? माझ्या ओळखीच्या एक सीनियर सिस्टर आहेत. त्यांचं स्कूल आता नाही. इमारतीत दुसरंच काही सुरू आहे, आणि त्यांचं क्युम्युलेटिव्ह रेकॉर्ड, म्हणजे सगळ्या शिक्षणाची एकत्रित नोंद, कुठे गेलं हे सांगायला माणूस नाही. वीस-बावीस वर्षांचा अनुभव असलेली ही बाई, तिच्या हाताखाली आम्ही सेंट्रल लाईनची, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीची, काळजी घ्यायला शिकलो. कागदाच्या हिशेबात तिचं शिक्षण पुसलं गेलं. विश्वस्त मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे: संस्था बंद करायची वेळ आलीच, तर विद्यार्थ्यांची रजिस्टरं परीक्षा घेणाऱ्या मंडळाकडे किंवा विद्यापीठाकडे लेखी पोच घेऊन सोपवा. बी.एस्सी.साठी आपलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, १९९८ साली स्थापन झालेलं, नाशकातच आहे, म्हसरूळला. गडचिरोलीच्या किंवा नांदेडच्या कॉलेजला ते लांब पडेल, आपल्याला तर सिटीलिंकच्या बसनं जाता येतं.

मूळ कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. काही ठिकाणी बाँड, म्हणजे ठरलेला काळ तिथेच काम करायचा करार, पूर्ण होईपर्यंत मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतात. फी बाकी असेल तर वसुलीचे दुसरे मार्ग आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ सालीच उच्च शिक्षण संस्थांना विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायला मनाई केली आहे. ज्यांनी अडकवली आहेत त्यांनी ती परत करावीत. यावर आणखी वाद घालायची माझी इच्छा नाही.

आता ज्या प्रश्नामुळे तुमच्यापैकी काही जणांचा हात आखडतो, त्याकडे येते. "आम्ही शिकवायचं आणि तुम्ही परदेशी जायचं? इथले वॉर्ड कुणी सांभाळायचे?" हा प्रश्न मला एका मेट्रन मॅडमनी डोळ्यांत पाणी आणून विचारला होता. त्यांच्या वॉर्डात रात्री तीस रुग्णांमागे दोन सिस्टर होत्या. त्यांची काळजी खरी होती आणि त्यांना पटेल असं उत्तर मी तेव्हा देऊ शकले नाही. आज देते. मॅडम, नर्स जाते ती कागद मिळतो म्हणून जात नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधल्या आदेशानंतर केंद्रानं नेमलेल्या समितीनं खासगी रुग्णालयांतल्या नर्सच्या पगाराबद्दल शिफारशी केल्या. ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, २०० खाटांच्या वर असेल तर सरकारी नर्सइतका असावा, असं त्यात म्हटलं आहे. तुमच्या कॉलेजातून गेल्या दोन-तीन वर्षांत बाहेर पडलेल्या मुलींना एकदा फोन करून विचारा, हातात किती येतात. त्यातून खोलीचं भाडं, गावी पाठवायचे पैसे, शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता. कागद अडवून धरल्यानं ती मुलगी वॉर्डात टिकत नाही. ती नर्सिंगच सोडते, कुठल्या तरी विमा कंपनीच्या ऑफिसात फाईली तपासत बसते. अशा मुली मी पाहिल्या आहेत आणि त्या गेल्याचं मला परदेशी गेलेल्यांपेक्षा जास्त दुःख आहे. परदेशी गेलेली निदान नर्स तरी राहते.

शिवाय सगळ्या काही कायमच्या जात नाहीत. काही जणी आई-वडील थकले म्हणून परत येतात, आणि येताना तिकडची शिस्त, तिकडचं काम घेऊन येतात. आमच्या आयसीयूत आखातातून परत आलेल्या एका सिस्टरनी ड्युटी बदलताना रुग्णाची माहिती कशी द्यायची, याची पद्धत बसवली. तोंडी, लेखी आणि रुग्णाच्या खाटेशेजारी उभं राहून. आज आम्ही सगळे तसंच करतो.

एक गोष्ट लिहू की नको, असं बरेच दिवस मनात होतं. लिहिते. आपण जे तास लिहून पाठवतो, ते खरे आहेत का? ठाण्याच्या मनोरुग्णालयात पोस्टिंगला गेलेल्या ज्या बॅच होत्या, त्या मुली तिथे रोज रुग्णांशी बोलल्या, केस हिस्टरी घेतल्या, रात्री हॉस्टेलवर एकमेकींना धरून रडल्याही. ते तास खरे होते. पाड्यांवर जाऊन अंगणवाडीतल्या मुलांची वजनं घेतली, दंडाचे घेर मोजले, ते तास खरे होते. पण काही ठिकाणी विद्यार्थिनींना शिकवायला वॉर्डात सोडत नाहीत, स्टाफ कमी म्हणून राबवायला सोडतात. सोबत ट्यूटर नसते. आणि काही ठिकाणी याच्या उलट, वॉर्डच पाहायला मिळत नाही आणि हजेरीपट भरलेला असतो. दोन्हीचा हिशेब पुढे एनक्लेक्सच्या स्क्रीनसमोर होतो. एप्रिल २०२३ पासून ती परीक्षा नव्या पद्धतीनं होते. कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५० प्रश्न, पाच तास. त्यात पाठ केलेली व्याख्या कुणी विचारत नाही. रुग्णाची कहाणी देतात. नोंदी, रक्ताचे रिपोर्ट, डॉक्टरांच्या ऑर्डर, सगळं समोर ठेवतात आणि विचारतात: यात काळजीचं काय दिसतंय? कशानं होत असेल? आधी काय कराल? केलं त्याचा उपयोग झाला का? सीनियरच्या वहीतून उतरवलेला केअर प्लॅन इथे कामाला येत नाही. जिनं खाटेशी उभं राहून ट्यूटरला "मॅडम, याचा श्वास असा का चाललाय?" हे विचारलेलं असतं, तिला उत्तर सुचतं. त्यामुळे मी तास मागते, तेव्हा नुसता आकडा मागत नाही. आज ट्रान्सक्रिप्ट मागायला आलेल्या मुलीला खरा आकडा द्या आणि आज पहिल्या वर्षात बसलेल्या मुलीला खरे तास द्या. आकडा फुगवून कुणाचं भलं करू नका. कमी भरला तर ती पूरक प्रशिक्षण घेईल. खोटा ठरला तर तिला उभं राहायला जागा उरणार नाही, आणि तिच्यानंतर तुमच्या कॉलेजातून येणाऱ्या प्रत्येक फाईलकडे संशयानं पाहिलं जाईल.

शेतकऱ्याला सातबारा जसा, तसा नर्सला हा तासांचा उतारा. सातबारा मागायला आलेल्या माणसाला कुणी विचारत नाही की तुला जमीन विकायची आहे की कर्ज काढायचं आहे. आमच्या मुलींना मात्र "कशाला पाहिजे? कुठे चाललीस? बाँड झाला का?" हे सगळं ऐकावं लागतं. सरकारी दाखल्यांना २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं मुदत आली. खासगी कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टला तशी मुदत कुणी ठरवून दिलेली दिसत नाही, पण तुम्ही स्वतःहून ठरवू शकता. एक महिना ठरवा. लागेल ती वाजवी फी घ्या आणि पावती द्या. अर्जाला पोच द्या, म्हणजे सुरगाण्याहून सकाळच्या एसटीनं आलेल्या मुलीला "साहेब मीटिंगला गेलेत, पुढच्या आठवड्यात ये" एवढंच ऐकून परत जावं लागणार नाही. कॉलेजच्या नावाचा एक कायमचा ईमेल ठेवा, कुणा एकाच्या नावाचा नको, आणि दोन माणसांना तो उघडायला सांगा. प्रत्येक बॅचच्या अभ्यासक्रमाची प्रत आणि पोस्टिंगचं वेळापत्रक त्या बॅचच्या रजिस्टराला शिवून ठेवा. शेवटची परीक्षा झाली की मागायची वाट न पाहता प्रत्येकीचा तासांचा तक्ता तयार करून ठेवा. तेव्हा सगळी माहिती ताजी असते, ट्यूटर तिथेच असतात, मुली स्वतः बसून तपासून देतील. सहा वर्षांनी तेच काम करायला गोडाऊनमधले गठ्ठे सोडावे लागतात.

हे होऊ शकतं, कारण होताना मी पाहिलं आहे. माझ्या कागदासाठी एका भाऊसाहेबांनी जेवणाच्या सुट्टीत जुनी रजिस्टरं काढून, चष्मा पुसत पुसत, एकेक पोस्टिंगची तारीख मला वाचून दाखवली आणि मी लिहून घेतली. त्यांना या कामाचा वेगळा पगार मिळत नव्हता. फॉर्म इंग्रजीत होता, त्यातले काही शब्द त्यांना नवे होते, तर त्यांनी संकोच न करता मला विचारले आणि पुढच्या मुलीसाठी वहीत लिहूनही ठेवले. मी पास झाल्याचं आईनंतर पहिल्यांदा त्यांना कळवलं. असं एक माणूस प्रत्येक कॉलेजात असावं, आणि त्याला हे काम अधिकृतपणे नेमून दिलेलं असावं. नाही तर तो निवृत्त झाला की पुन्हा सगळं पहिल्यापासून.

मी आणि माझ्यासारख्या काही जणींनी मिळून तासांच्या तक्त्याचा एक नमुना तयार केला आहे, वार्षिक पद्धतीचा वेगळा, सेमिस्टरचा वेगळा आणि जीएनएमचा वेगळा. त्यात थिअरी, लॅब आणि क्लिनिकलचे रकाने स्वतंत्र आहेत, पोस्टिंगच्या तारखा आणि रुग्णालयाचं नाव लिहायला जागा आहे. ज्या कॉलेजांना हवा असेल त्यांना तो विनामूल्य देऊ. ऑफिसातल्या मंडळींबरोबर बसून पहिल्या बॅचचे तक्ते भरायलाही आम्ही येऊ, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, ज्या तालुक्यात बोलवाल तिथे. यंदाच्या शेवटच्या वर्षाच्या मुली कॉलेज सोडायच्या आत एवढं सुरू करावं, ही विनंती.

आपली नम्र,
एक माजी विद्यार्थिनी
स्टाफ नर्स, आयसीयू
नाशिक